'परत एकदा' न म्हणता: आमच्या पुरोहित काकूंना पत्र

ती. स्व. काकू,
साष्टांग नमस्कार.

मांडवात फोटोवाल्यांच्या तोंडी सगळ्यांत जास्त असणारे दोन शब्द म्हणजे 'परत एकदा'. हार परत एकदा घाला, मंगळसूत्र परत एकदा धरा, सातवं पाऊल परत एकदा टाका. आम्हा नवरा-बायकोच्या कामातून हे दोन शब्द गेले ते तुमच्यामुळे. त्याचे आभार मानायला हे पत्र. उघड लिहितोय, कारण तुम्ही जे शिकवलंत ते पुण्यात नव्याने कॅमेरा हातात घेतलेल्या कुणाच्याही उपयोगी पडेल, आणि तुम्हाला ते आवडेल हे आम्हाला ठाऊक आहे.

तुम्ही दिलेला कागद अजून कॅमेऱ्याच्या बॅगेत, पुढच्या कप्प्यात असतो. पाठकोरा कागद. पुढे पूजेच्या सामानाची यादी: सुपाऱ्या 25, हळकुंडं 5, विड्याची पानं 50, जानवीजोड 2. मागे निळ्या शाईत विधींचा क्रम, आणि प्रत्येक विधीसमोर तीन गोष्टी: किती मिनिटं लागतात, कोणाचं तोंड कुठल्या दिशेला, आणि 'खूण'. खूण म्हणजे कोणता शब्द कानावर पडला की पुढच्या क्षणी काय होणार. पहिल्या दोन गोष्टी अनुभवाने कुणालाही कळतात. तिसरी कॅमेऱ्याच्या कुठल्याही पुस्तिकेत सापडत नाही, आणि खरं काम तिथेच आहे.

अंतरपाटाचंच घ्या. मंगलाष्टकं किती जण म्हणणार, घरच्या कुणी स्वतः रचून आणली आहेत का, हे माहीत नसलं की फोटोवाला पहिल्या 'सावधान'पासून बटणावर बोट ठेवून उभा राहतो. अक्षता टाकणारे हात, मागे डोळे पुसणारी आजी, सगळं राहून जातं. आणि पाट दूर होतो त्या नेमक्या वेळी फ्लॅश चार्ज होत असतो. तुम्ही म्हणालात, डोळे हवे तिथे असू द्या, कान इकडे द्या. मंगलाष्टकांचं वृत्त शार्दूलविक्रीडित, चरणात 19 अक्षरं, बाराव्या अक्षरावर विसावा. लांब, डुलत जाणारी चाल. शेवटी 'तदेव लग्नं सुदिनं तदेव' सुरू झालं की चरण 11 अक्षरांचा होतो आणि ठेका एकदम आखडतो. चार छोटे चरण, म्हणजे हातात पंधरा-वीस सेकंद. संस्कृत येत नसलं तरी हा बदल कानाला कळतो. वाजंत्रीवाले कितीतरी वर्षं त्याच खुणेवर सनई तोंडाला लावतात, हेही तुम्हीच दाखवलंत.

उभं कुठे राहायचं हेही कागदावर आहे. वधूवरांपैकी एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला. म्हणजे पाटाची टोकं दक्षिण-उत्तर. तुम्ही पाट उत्तरेकडे ओढून घेता, म्हणून आमच्यापैकी एक जण दक्षिणेच्या टोकाशी, 35 मिमीची लेन्स लावून, दोन्ही चेहरे एका चौकटीत. उत्तरेला उभं राहिलं तर ओढलेलं कापड थेट लेन्ससमोर येतं. दुसरा जण वराच्या खांद्यामागे, 85 मिमीवर, वधूच्या चेहऱ्यावर. पाट गेल्यावर पहिली नजरानजर दोन सेकंदही टिकत नाही. लगेच हार वर उठतात आणि दोघांचेही चेहरे झाकले जातात.

त्यात पाटाची एक करामत तुम्ही सांगेपर्यंत आमच्या लक्षात आली नव्हती. पाट पांढरा असतो. तो मध्ये धरलेला असताना उजेड त्याच्यावर आपटून दोघांच्या चेहऱ्यांवर मऊ पडत राहतो. तो सरकला की तो उजेडही जातो आणि चेहरे थोडे काळवंडतात. पाट असताना उजेडाचं माप घेऊन बसलेला फोटोवाला पुढचे सगळे फोटो अंधारे काढतो. म्हणून माप आधी, कुणालातरी रिकाम्या जागी उभं करून घ्यायचं. तुम्ही स्वतः आमच्यासाठी चौरंगापाशी उभ्या राहिला आहात, हातात पळी-पंचपात्र घेऊन, घाईच्या वेळी. ते आम्ही विसरलेलो नाही.

अक्षतांचं गणित वेगळं. शटर 1/125 सेकंदाचं असेल तर उडालेला तांदूळ पांढऱ्या रेघेसारखा दिसतो, 1/500 ला दाणा दाण्यासारखा दिसतो. पण कार्यालयातले बरेच एलईडी दिवे 50 हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, आणि 1/500 ला त्याचे काळे पट्टे फोटोत उमटतात. म्हणून सकाळी स्टेज रिकामं असतानाच 1/500 ला चार फोटो काढून बघायचे. पट्टे आले तर कॅमेऱ्यातली अँटी-फ्लिकर सोय चालू करायची. तीही पुरली नाही तर शटर 1/100 वर आणून दाणा थांबवायचं काम फ्लॅशवर सोपवायचं, कारण फ्लॅशचा लखलखाट शटरपेक्षा कितीतरी छोटा असतो. फ्लॅश पूर्ण ताकदीवर ठेवायचा नाही. पेन्सिल सेल असतील तर पूर्ण ताकदीनंतर भरायला दोन-तीन सेकंद लागतात आणि तेवढ्यात हार घालून होतो. ताकदीच्या 1/8 वर ठेवला की लागोपाठ चार-पाच लखलखाट मिळतात. व्हिडिओ 25 फ्रेमवर असेल तर शटर 1/50, संथ हालचालीसाठी 50 फ्रेम घेतल्या तर 1/100. याच्या अधलंमधलं काही नको.

आणि मंगलाष्टकं चालू असताना लेन्स बदलायची नाही. कुंकवात ओलसर कालवलेली अक्षत काचेवर पडली तर बोटाने पुसायची नाही, ब्लोअरने उडवायची. चोळली की तांबडा पट्टा पसरतो आणि पुढचा तासभर प्रत्येक फोटोत तो धुरकट डाग येतो.

मुहूर्ताच्या वेळेचं तुम्ही जे समजावलंत त्यामुळे उजेडाकडे बघायची आमची पद्धतच बदलली. घड्याळात बारा वाजले म्हणजे पुण्यात सूर्य डोक्यावर आला असं होत नाही. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, पुणे त्याच्या पश्चिमेला, साधारण 74 अंशांच्या अलीकडे. त्यामुळे आपला खरा मध्यान्ह नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12:18 च्या आसपास, फेब्रुवारीच्या मध्यावर 12:49 च्या आसपास, आणि मे महिन्यात साडेबाराला. दुपारचे पुष्कळ मुहूर्त त्याच सुमाराचे. 13 मेच्या आसपास तर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य अगदी माथ्यावर. सिंहगड रस्त्याकडे किंवा मुळशीच्या बाजूला लॉनवर उघड्यावर लग्न असेल तर तेव्हा नाकाखाली, भुवयांखाली काळ्या सावल्या पडतात, वर मुंडावळ्यांची सावली डोळ्यांवर. यावर उपाय एकच, आणि तो आदल्या दिवशी करायचा असतो: मांडववाल्याला सांगून बोहल्यावर जाड पांढरं कापड लावून घ्यायचं. रंगीत नको. लाल-पिवळ्या कापडाखाली सगळ्यांचे चेहरे त्या रंगाचे होतात आणि तो रंग नंतर नीट निघत नाही. तुम्ही यजमानांना सामानाची यादी देता तेव्हा तिच्यात 'बोहल्यावर पांढरं छत' हे आपणहून लिहिता. आमचं अर्धं काम तिथेच होतं.

गोरज मुहूर्त असेल तर उलट. सूर्य मावळल्यावर वीसेक मिनिटांत उजेड झपाट्याने उतरतो. मंगलाष्टकं लांबली की पहिल्या आणि शेवटच्या अष्टकाच्या दरम्यान आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, दोनदा दुप्पट करावी लागते. त्या दिवशी तुम्ही मंगलाष्टकं म्हणणाऱ्यांना आधीच मोजून देता, त्याबद्दल वेगळे आभार.

आता होम. इथे फोटोवाले आणि पुरोहित यांचं सगळ्यांत जास्त वाजतं, आणि इथेच तुम्ही आम्हाला सगळ्यांत जास्त दिलंत.

पहिली गोष्ट बॅगेची. सप्तपदीच्या तांदळाच्या राशी अग्नीच्या उत्तरेला मांडतात. ती बाजू मोकळी दिसते म्हणून फोटोवाला नेमकी तिथेच बॅग, ट्रायपॉड, दिव्याचा स्टँड ठेवतो. मग ऐन वेळी हलवाहलव, वायर कुणाच्यातरी पायात, आणि वैतागलेले यजमान. आता आमचं सामान दक्षिणेला, भिंतीशी. वायर टेपने जमिनीला चिकटवलेली. अग्नी आणि वधूवर यांच्या मधून जायचं नाही, हे तुम्ही धर्म म्हणून सांगितलंत. आम्हाला त्यातला फोटोचाही फायदा दिसला. ज्वाळेच्या वरची हवा थरथरत असते. तिच्या पलीकडचा चेहरा फोकस बरोबर असूनही मऊ, पाण्यातून पाहिल्यासारखा येतो. बाजूने, गुडघ्यावर बसून घेतला की पापण्यासुद्धा मोजता येतात.

दुसरी गोष्ट धुराची. समिधा ओल्या असल्या, गोवरी दमट असली, किंवा सुरुवातीलाच तूप जास्त पडलं की पहिली पाच-सात मिनिटं धूर होतो. पावसाळ्यात तर हमखास. तुम्ही गोवऱ्या आदल्या दिवशी उन्हात घालता, सुरुवात कापूर आणि बोटाएवढ्या बारीक समिधांनी करता, जाड समिधा नंतर. आम्ही तेवढा वेळ कॅमेऱ्यावरचा फ्लॅश बंद ठेवतो, कारण समोरून आलेला उजेड धुरावर आपटून पांढरा पडदा तयार होतो. तोच दिवा बाजूने किंवा पाठीमागून लावला तर धूर सोनेरी दिसतो आणि चेहरेही वाचतात. डोक्यावरचा पंखा बंद ठेवायला पाहिजे. पण तो बंद केला की पाहुणे तक्रार करतात, म्हणून हे सांगायचं काम तुम्ही घेतलंत: 'लाह्या उडतात, पंखा बंद करा.' तुमच्या शब्दाला मान आहे, आमच्या शब्दाने कुणी पंखा बंद करत नाही.

रंगाचं थोडं. आगीचा उजेड साधारण 2000 केल्विन, तांबूस. स्टेजचे एलईडी 5600 च्या जवळ, निळसर पांढरे. कॅमेऱ्यावर सोडलं तर प्रत्येक फोटोत तो वेगळा रंग निवडतो आणि अल्बमच्या एकाच पानावर वधूची कातडी तीन रंगांची दिसते. म्हणून होमाला एकच आकडा ठरवून ठेवायचा. आम्ही 4300 ते 4500 मध्ये ठेवतो, म्हणजे आग आगीसारखी दिसते आणि चेहरे माणसांसारखे. पिवळी अष्टपुत्री, हळद लावलेले हात आणि कुंकू एकत्र आलं की लाल रंग आधी जळतो, म्हणजे त्यातले बारकावे पुसले जातात. कॅमेऱ्यातला उजेडाचा एकूण आलेख ठीक दिसत असला तरी लाल रंगाचा आलेख वेगळा बघायचा आणि उजेड एक तृतीयांश स्टॉप कमी ठेवायचा.

लाजाहोमात आमचे पूर्वी सगळ्यांत जास्त फोटो वाया जायचे. लाह्या कधी पडणार हे कळायचं नाही. कागदावर तुम्ही ऋग्वेदी घरांसाठी चार शब्द लिहिलेत: 'तूप, लाह्या, लाह्या, तूप.' वधूच्या ओंजळीला आधी तूप, मग भाऊ सुपातून दोनदा लाह्या घालतो, वराचं गोत्र जामदग्न्यांपैकी असेल तर तीनदा, त्या लाह्यांवर पुन्हा तूप, आणि मग आहुती. म्हणजे दुसरं तूप पडलं की श्वास रोखायचा. शटर 1/250, फोकस बोटांच्या टोकांवर. चेहऱ्यावर ठेवला तर मध्ये धूर येतो आणि कॅमेरा ज्वाळेला पकडतो. प्रत्येक फेरीनंतर वधू सहाणेवर पाय ठेवते, 'अश्मेव त्वं स्थिरा भव' हे शब्द येतात तेव्हा. तो फोटो जमिनीलगतच मिळतो, उभ्याने मिळत नाही. कानपिळी याच दरम्यान येते आणि तिला मंत्राची खूण नाही. तिथे तुम्ही भावाकडे बघून 'चला, आता तुमचा मान' म्हणता. ते वाक्य तुम्ही आमच्यासाठी जरा मोठ्याने म्हणता, हे आम्हाला कळतं.

सप्तपदीची खूण सगळ्यांत सोपी, कारण आकडे मंत्रातच आहेत: एकपदी, द्विपदी, त्रिपदी, चतुष्पदी, पञ्चपदी, षट्पदी, आणि शेवटी 'सखा सप्तपदी भव'. एक जण सातव्या राशीच्या पलीकडे जमिनीवर, पावलं समोरून येताना. दुसरा बाजूने, चेहऱ्यांवर. उजवं पाऊल राशीवर टेकतं तेव्हा वधू खाली बघत असते. नजर वर येते ती 'भव' झाल्यावर. सातव्या पावलाला ती वर बघते तेव्हा वरही तिच्याकडे बघतो, बहुतेक वेळा, न सांगता. त्या क्षणाला कुणी 'इकडे बघा' म्हटलं की तो गेला.

घराची वेदशाखा विचारायची सवय तुमची. ऋग्वेदी आश्वलायन असेल तर एक क्रम, यजुर्वेदी घरात काही गोष्टी पुढे-मागे. ज्ञान प्रबोधिनीच्या पोथीप्रमाणे असेल तर मंत्रांचा अर्थ मराठीत सांगितला जातो, तेव्हा ऐकणाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात आणि एक कॅमेरा पाहुण्यांकडे लावावा. काही घरांत कन्यादान करत नाहीत. सत्यशोधक पद्धतीच्या लग्नात सगळाच क्रम निराळा, तिथे तुम्ही नसता, पण 'आधी विचारा' ही सवय तिथेही कामी येते. आम्ही आता तारीख पक्की करतानाच हे विचारून लिहून ठेवतो.

गौरीहराची खोली लहान असते, वधू एकटी, मामा दाराशी. तिथे आमच्यापैकी बायकोनेच जायचं, दिवा न लावता, खिडकीच्या उजेडात, आणि दहा मिनिटांत बाहेर यायचं, हेही तुम्ही घालून दिलंत. आवाजाचं तसंच. कॉलर माइक वराच्या उपरण्याला लावला की कापड घासून खरखर येते. तुमच्या पदराला लावला की मंत्र स्वच्छ येतात आणि वराचं 'नातिचरामि'सुद्धा, कारण तुम्ही त्याच्यापासून हातभरच लांब असता. आवाजाची पातळी उणे 12 डेसिबलच्या वर जाऊ द्यायची नाही, आणि दुसरा रेकॉर्डर त्याहून खूप खाली ठेवायचा. सनई-ताशा एकदम सुरू झाला की पहिला फाटतो, दुसरा वाचतो. माइक लावू देणारे पुरोहित कमी असतात. तुम्ही पिन स्वतःच पदराला टोचून घेता.

घराबद्दलही लिहायला हवं, कारण आमचं घर याच धंद्यावर आणि तुमच्या पंचांगावर चालतं. नवं पंचांग आलं की तुम्ही त्यात पेन्सिलीने दाट मुहूर्तांच्या तारखांखाली रेघ मारून देता. एकाच मुहूर्ताला दहा कार्यालयांत लग्न असतं आणि आम्ही दोघं एकाच ठिकाणी असू शकतो, त्यामुळे मदतनीस, जादा कॅमेरा, गाडी, सगळं त्या रेघांवर ठरतं. 2023 चा अधिक मास श्रावणाचा होता, चातुर्मासातच गेला. 2026 चा अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून, ऐन उन्हाळी हंगामात. हे तुम्ही इतक्या आधी सांगितलंत म्हणून त्या महिन्याचा कर्जाचा हप्ता आणि शाळेची फी आधीच्या महिन्यांतून बाजूला काढायची हे ठरवता आलं. गुरू-शुक्राच्या अस्ताचंही तसंच.

चातुर्मासात कॅमेरे दुरुस्तीला आणि सेन्सर सफाईला जातात. पुण्याच्या पावसाळी हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते, आधी कोळ्याच्या जाळ्यासारखी, मग कोटिंग खाते आणि तो डाग जन्माचा राहतो. हवाबंद डबा, सिलिका जेल, आत ओलाव्याचा छोटा मापक, काटा 40 ते 50 च्या मध्ये. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद भाजून परत वापरायचं. ही भाजायची युक्ती तुमचीच, तुमच्या मेतकुटाच्या बरणीवरून सुचलेली. त्याहून कोरडं ठेवलं तर रबराच्या पट्ट्या कडक होतात, हे आम्हाला नंतर दुकानात कळलं.

आणि फोटोंची तिसरी प्रत. कॅमेऱ्यात दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो जातात. घरी आल्यावर, जेवायच्या आधी, दोन डिस्कवर उतरवतो. तिसरी डिस्क घराबाहेर हवी. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांत घरांबरोबर लग्नांचे फोटोही गेले. तुमच्या सासूबाईंच्या लग्नाचा एकही फोटो उरला नाही, हे तुम्ही एकदाच सांगितलंत आणि लगेच म्हणालात, 'माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, एक कप्पा रिकामा करते.' तेव्हापासून आमच्याकडच्या प्रत्येक लग्नाची एक प्रत तुमच्या कपाटात, साड्यांच्या वरच्या कप्प्यात आहे. त्या घरांना हे माहीतही नाही. त्यांच्या वतीनेही आम्हीच आभार मानतो.

मुहूर्त दुपारचा असला की फोटोवाल्यांचं जेवण चार वाजता, उरलेल्यावर. तुम्ही जिथे असता तिथे तसं होत नाही. स्वयंपाकघरात जाऊन 'या दोघांना आधी दोन पुऱ्या आणि मसालेभात द्या, यांना तीन तास गुडघ्यावर बसायचंय' असं तुम्ही सांगता. हे कागदावर नाही, म्हणून इथे लिहिलं.

एक विनंती आहे. तो कागद घडीवर विरलाय. लाजाहोम आणि सप्तपदी यांच्या मधली ओळ आता वाचता येत नाही. आम्हाला ती पाठ आहे, पण हंगामाला एक नवी मुलगी मदतीला येतेय आणि तिला द्यायला हवा. तुळशीच्या लग्नाआधी डिस्क बदलायला येऊ तेव्हा कोरा जाड कागद घेऊन येतो. तुमच्याच अक्षरात पाहिजे. शाई निळीच आणू.

आपली,
कॅमेऱ्यामागची दोघं
पुणे